काळ्या वाळूची रेघ

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. असे पूर्वी कधी केले नव्हते. जवळजवळ चाळीस वर्षांच्या संसारात एकमेकांच्या व्याख्यानांची टिपणे काढून झाली, एकमेकांचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून झाले. पण एकाच कागदावर दोघांनी लिहिण्याचा प्रसंग आला नव्हता. त्यामुळे या लेखात ‘मी’ नाही. आम्हां दोघांत भेद करावाच लागेल तिथे ‘तो’ आणि ‘ती’ असे म्हणू. काही वाक्ये त्याची आहेत, काही तिची. काही वाक्यांवर अजूनही एकमत झालेले नाही. ती तशीच राहू दिली आहेत.

विषय म्हटला तर अगदी पोरकट आहे. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत हरवलेल्या वस्तू शोधणे. पण या पोरखेळावरून आमच्यात जो वाद निघाला तो ‘नशीब’ या एका शब्दावर जाऊन अडला, आणि तिथून तो १९८७ सालापर्यंत मागे गेला. साहित्याच्या शिक्षकांना शब्दांवरून भांडण्याची सवय असतेच. हे भांडण मात्र घरचे होते.

आमची मुलगी फ्लोरिडातल्या मेलबर्न गावी राहते (ऑस्ट्रेलियातले मेलबर्न नव्हे, हे आम्हांला प्रत्येक नातेवाइकाला सांगावे लागते). २०२२ च्या ऑक्टोबरअखेर आम्ही तिच्याकडे गेलो आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच १० नोव्हेंबरच्या पहाटे निकोल नावाचे चक्रीवादळ व्हेरो बीचच्या किंचित दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. आमच्या घराला काही झाले नाही. दोन दिवसांनी जावईबापूंनी आम्हांला समुद्र दाखवायला नेले, तेव्हा ओळखीचा किनारा जागेवर नव्हता. जिथे वाळूचा सौम्य उतार होता तिथे पुरुषभर उंचीचा उभा कडा कापला गेला होता, लाकडी जिन्यांच्या पायऱ्या हवेत लोंबकळत होत्या, आणि त्या कड्याच्या पायथ्याशी कानांवर श्रवणयंत्रे चढवून, हातात लांब दांड्याचे यंत्र घेऊन पाच-सहा माणसे मान खाली घालून चालत होती. एखाद्या पंथाचे व्रतस्थ चालावेत तशी. कुणी कुणाशी बोलत नव्हते.

ती माणसे सोने शोधत होती, आणि त्यात वेडेपणा काही नव्हता. १७१५ च्या जुलैअखेर हवानाहून स्पेनकडे निघालेला खजिन्याचा ताफा याच किनाऱ्यावर वादळात सापडला. बारा जहाजांपैकी अकरा फुटली. एकटे ‘ग्रिफॉन’ हे फ्रेंच जहाज वाचले. हजाराहून अधिक माणसे मेली. जे जगले त्यांनी किनाऱ्यावर छावणी टाकली आणि पुढे काही वर्षे स्पॅनिश लोक बुडालेली चांदी वर काढत राहिले. सगळी निघाली नाही. तीनशे वर्षे झाली, समुद्र ती हप्त्याहप्त्याने परत करतो आहे. २०२५ च्या उन्हाळ्यातसुद्धा पाणबुड्यांनी हजारावर नाणी बाहेर काढली.

जावईबापूंच्या गॅरेजमध्ये असेच एक यंत्र धूळ खात पडले होते. ते त्याने घेतले. ती म्हणाली, “अहो, गुडघे बघा आधी.” त्याने ऐकले नाही.

यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ते हाती घेईपर्यंत आम्हांला वाटत होते की यंत्र आवाज देते आणि माणूस खणतो, एवढाच हा प्रकार असावा. दांड्याच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. त्यातून सुटणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीतल्या धातूत अल्पसा विद्युतप्रवाह उठवते आणि त्या प्रवाहाचा पडसाद वेटोळ्याला परत ऐकू येतो. अडचण अशी की खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळूही वीज वाहून नेते. साधे यंत्र कोरड्या वाळूवर शहाण्यासारखे वागते आणि ओल्या वाळूवर नेले की विनाकारण बडबडू लागते. दुसऱ्या जातीचे यंत्र वेटोळ्यातून वीज अखंड न सोडता ठोके देत सोडते. ते ओल्या वाळूला फारसे भुलत नाही, पण लोखंडाचा खिळा आणि सोन्याची अंगठी यांत त्याला फारसा फरकही कळत नाही. आमचे पहिल्या जातीचे होते. त्यात आणखी एक गंमत आहे, जी आम्हां दोघांनाही फार आवडली: शीतपेयाच्या डब्याचे ओढून काढायचे ॲल्युमिनियमचे झाकण आणि सोन्याची अंगठी यंत्राच्या कानाला बहुतेक वेळा सारखीच ऐकू येतात. झाकणे नकोत म्हणून तो सूर बंद केला तर अंगठ्याही गेल्या. ज्याला सोने हवे त्याने कचरा खणलाच पाहिजे. ज्याने दिवाळी अंकांसाठी कथास्पर्धेचे परीक्षण केले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

खणायला जे अवजार असते त्याला भोके असतात. वाळू गळून जाते, वस्तू उरते. तिने ते पाहिले आणि म्हणाली, “हा तर झारा.” मग आमच्या घरात त्याला झाराच म्हणू लागलो. झाऱ्यावरून झारेकरी आठवला. सराफकट्ट्यावरची धूळ, सोनाराच्या भट्टीची राख, दुकानापुढच्या गटारातला गाळ विकत घेऊन, धुऊन, चाळून त्यातले सोन्याचे कण काढणारा तो झारेकरी. हा शब्द आता विद्यार्थ्यांना कोशातच भेटतो. झारेकऱ्याला कुणी नशीबवान म्हटल्याचे आम्हांला कुठे वाचलेले आठवत नाही. धूळ कोणत्या दुकानाची घ्यायची, कोणत्या महिन्यात घ्यायची, ती किती पाण्याने धुवायची हे त्याला ठाऊक असे. लग्नसराईनंतरच्या धुळीचा भाव वेगळा असणार, हे आपल्यालाही तर्काने कळते.

पहिले तीन आठवडे आम्हांला जे मिळाले त्याची यादी अशी: पंचवीस सेंटांची सतरा नाणी, गळाला लावायची शिशाची वजने नऊ, बाटल्यांची बुचे अगणित, एक खेळण्यातली मोटार, एक किल्ली, आणि ‘बेस्ट मॉम’ असे लिहिलेले पदक, ज्यावर सोन्याचा केवळ रंग होता. यादी त्याने केली. त्याला याद्या करायला आवडतात. ती त्या काळात कड्याच्या पायथ्याशी घडीची खुर्ची टाकून बसे. तो समजत होता की ती पुस्तक वाचते आहे.

तिथे आम्हांला एक म्हातारबुवा भेटले. टेलिफोनच्या तारा जोडण्याच्या कामातून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले. आम्हां दोघांनाही ते ‘प्रोफेसर’ म्हणत. त्यांनी प्रथम आमचे यंत्र नव्हे, आमचा वेग दुरुस्त केला. “तुम्ही कुत्र्याला फिरवायला आल्यासारखे चालता,” ते त्याला म्हणाले. वेटोळे जमिनीला समांतर, प्रत्येक फेरीने मागच्या फेरीचा निम्मा पट्टा झाकायचा, आणि आवाज आला तर काटकोनात वळून पुन्हा ऐकायचे. त्यांच्याजवळ एक वही होती. तारीख, भरती-ओहोटीची वेळ, वाऱ्याची दिशा, किनारा भरलेला की कापलेला, काय मिळाले. आम्ही ती वही बरीच चाळली. पानेच्या पाने शेवटचा रकाना कोरा होता. रिकाम्या दिवसाची नोंद कशाला ठेवायची, असे त्याने विचारले. म्हातारबुवा म्हणाले, “तीच तर कामाची. सापडल्याचे सगळेच सांगतात.”

एके सकाळी एक बाई रडवेली होऊन त्यांच्याकडे आली. आदल्या दिवशी लग्नाची अंगठी वाळूत पडली होती. आम्हांला वाटले आता हे यंत्र घेऊन धावतील. ते वाळूवर बसले आणि बाईला प्रश्न विचारू लागले. छत्री कुठे रोवली होती? सूर्य डोळ्यांवर होता की पाठीवर? हाताला लोशन कधी लावले? टॉवेल कोणत्या बाजूला झटकला? पाणी तेव्हा कुठपर्यंत होते? अर्धा तास नुसती उलटतपासणी चालली होती. मग काठीने वाळूवर रेघा आखून त्यांनी दोन तास तो तुकडा विंचरला. अकरा झाकणे निघाली; अंगठी नाही. बाई जेवायला निघून गेली. ते तिसऱ्या दिवशी परत आले आणि तिच्या सांगण्यापेक्षा चाळीस पावले उत्तरेला त्यांना ती मिळाली. आम्ही विचारले, तिकडे का गेलात? ते म्हणाले, बाई म्हणाली होती की समोर जिना दिसत होता. मला नंतर लक्षात आले की त्या जिन्यावरून तो दुसरा जिनाही हुबेहूब दिसतो. बाईने त्यांना मिठी मारली आणि म्हणाली, “काय माझे नशीब!” म्हातारबुवांनी मान डोलावली. ते वहीत काय लिहितात ते आम्ही पाहिले. तारीख, वारा, ‘जिना चुकीचा’, ‘अंगठी’.

या किनाऱ्याचा सगळ्यांत मोठा धडा मात्र किप वॅग्नर यांचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ओहायोहून इथे येऊन घरे बांधण्याचा धंदा करणारा हा गृहस्थ. वादळानंतर किनाऱ्यावर काळी पडलेली चांदीची नाणी सापडत. त्याच्या लक्षात आले की त्यांतल्या एकाही नाण्यावर १७१५ नंतरचे साल नाही. जाणकारांचे मत तेव्हा असे होते की तो ताफा इथे नव्हे, कितीतरी दक्षिणेला कीज बेटांजवळ बुडाला. वॅग्नरने जाणकारांवर विश्वास ठेवला नाही आणि नाण्यांवर ठेवला. त्याचे मित्र डॉ. केल्सो यांनी वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात बर्नार्ड रोमन्सचे १७७५ चे फ्लोरिडावरचे पुस्तक शोधून काढले. त्यात या किनाऱ्याचा, बुडालेल्या ताफ्याचा उल्लेख होता. सेव्हिलच्या दप्तरखान्यातून त्यांनी स्पॅनिश कागदांच्या प्रती मागवल्या आणि ती जुनी लिपी वाचायला शिकले. लष्कराच्या मोडीतले पंधरा डॉलरचे एक यंत्र घेऊन वॅग्नरने झाडोऱ्यात ती १७१५ ची छावणी शोधली. छावणी सापडली म्हणजे समोरच्या पाण्यात जहाज आले. सगळा तर्काचा आणि चिकाटीचा मामला. शिकवताना उदाहरण म्हणून द्यावा असा.

आणि मग १९६२ साली एका वादळानंतर किनाऱ्यावरून चालता चालता वॅग्नरच्या नात्यातल्या एका तरुणाला वाळूत सोन्याची साखळी दिसली. दोन हजारांहून अधिक कड्यांची, तिच्या टोकाला ड्रॅगनच्या आकाराचे सोन्याचे लोलक. त्या ड्रॅगनची शिटी होते, त्यातूनच दात कोरायची काडी निघते आणि शेपटी कान कोरायला वापरता येते. पुढे ती न्यूयॉर्कच्या लिलावात पन्नास हजार डॉलरला विकली गेली. दप्तरखाना वाचला एकाने, साखळी मिळाली दुसऱ्याला.

इथे आमचा पहिला वाद झाला. त्याचे म्हणणे: बघ, शेवटी नशीबच. तिचे म्हणणे: तो मुलगा त्या सकाळी त्या मैलावर का चालत होता? किनारा लांबच लांब पडला आहे. वॅग्नरच्या दहा वर्षांनी तो त्या मैलावर आला होता. मुलाच्या डोळ्यांनी फक्त शेवटचे चार हात पार केले. त्याचे म्हणणे: पण ते चार हात वॅग्नरला कुठे पार करता आले? तिचे म्हणणे: चार हातांची बातमी होते, मैलाची होत नाही.

हा वाद आमच्या विषयाला नवा नाही. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळत होते, त्याआधीही ती दप्तरे माळ्यांवर पडलेली होतीच. वाईला हाती आलेल्या कागदांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, तेव्हा ते कागद ‘सापडले’ असे आपण म्हणतो. क्रियापद बघा. मराठीत वस्तू स्वतःहून सापडते, माणूस तिथे चतुर्थीत उभा असतो: मला सापडले, त्यांना मिळाले. ‘मी सापडलो’ म्हणालो तर अर्थ भलताच होतो. आपल्या व्याकरणानेच शोधणाऱ्याला कर्तेपण नाकारले आहे की काय, असे तिला वाटते. (हे वाक्य तिचे. त्याच्या मते व्याकरणावर एवढा आरोप करू नये. ‘शोधून काढले’ हेही मराठीच आहे.) संस्कृत न्यायांत तर योगायोगाची दोन सुंदर चित्रे आहेत. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला गाठ पडते तो काकतालीय, आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या रेघांतून चुकून अक्षर उमटते तो घुणाक्षर. दोन्हींत कावळ्याला आणि किड्याला काही येत होते का, हे कुणी विचारत नाही.

आता त्या श्लोकाकडे आले पाहिजे. भर्तृहरीच्या नीतिशतकातला, वाळू रगडून तेल काढण्याचा. वामनपंडितांच्या मराठी रूपात तो घरोघर पोचला. शाळेच्या भिंतीवर त्याचा पहिला चरण प्रयत्नाची महती म्हणून रंगवलेला असतो. उरलेले तीन चरण भिंतीवर मावत नाहीत म्हणून सोडून दिले जातात, आणि अर्थ उलटा होतो. कारण श्लोक प्रयत्नाची स्तुती करतच नाही. तो म्हणतो की एकवेळ वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात भटकताना सशाचे शिंगसुद्धा मिळेल, पण हट्टी मूर्खाचे मन वळवता येणार नाही. अशक्य गोष्टींची ती यादी आहे. आणि मूळ संस्कृतात आणखी एक बारकावा आहे. तेल निघते ते ‘यत्नतः’. शिंग मिळते ते ‘कदाचित्’, हिंडता हिंडता. एकाच श्लोकात भर्तृहरीने प्रयत्न आणि दैव शेजारी शेजारी ठेवले आहेत, आणि दोघांनाही अशक्याच्या रांगेत उभे केले आहे.

हे सगळे तिने त्याला प्रथम समजावून सांगितले ते १९८७ च्या जून महिन्यात, रात्रीच्या एसटीत. आम्ही दोघे एम.ए. ला एका वर्गात होतो, लग्नाला वर्ष झाले होते, आणि एका जिल्ह्याच्या गावी एका महाविद्यालयात मराठीची एक जागा निघाली होती. दोघांनीही अर्ज केला. गंमत म्हणून आम्ही एकत्रच निघालो. झोप येत नव्हती, रस्ता खराब होता, आणि ती सारा वेळ भर्तृहरी आणि वामनपंडित यांतले फरक सांगत बसली होती. दुसऱ्या दिवशी तिला अकरा वाजता बोलावले. लग्न झाले आहे का, घर आणि तास दोन्ही कसे सांभाळणार, पुढे बाळंतपणाची रजा लागेल त्याचे काय, असे प्रश्न विचारून तिला धन्यवाद दिले. त्याला बारा वाजता बोलावले आणि विचारले: पंडित कवींची भाषांतरे मूळापासून कुठे दूर जातात, एखादे उदाहरण देऊन सांगा.

त्याला नोकरी लागली. ती पुढे अठरा वर्षे दुसऱ्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. नेट-सेटची अट आली तेव्हा मुलगी लहान होती. तो २०२० साली निवृत्त झाला, त्याला निवृत्तिवेतन आहे. तिला नाही. या पाच वाक्यांत विशेषण घालायचे नाही, असे आमचे ठरले आहे.

निकोलनंतर पाच आठवड्यांनी उत्तर-पूर्वेकडून दोन दिवस जोराचे वारे वाहिले. तिकडे हिवाळ्यात असे वारे येतात आणि किनारा पुन्हा कापतात. वाळू उचलून थोड्या अंतरावर पाण्याखाली दांड्यासारखी रचतात, मग शांत दिवसांत तीच वाळू लाटा हळूहळू परत आणून टाकतात. आपल्याकडे पावसाळ्यात कोकणचा किनारा खंगतो आणि थंडीत भरून येतो, तसेच ते. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाबासोच्या बाजूला गेलो. तो यंत्र घेऊन शिस्तीत रेघा मारू लागला. ती चप्पल हातात घेऊन उत्तरेकडे चालत गेली. तासाभराने परत आली तेव्हा तिच्या मुठीत एक काळा, चपटा, वाकडातिकडा दगड होता.

तो दगड नव्हता. म्हातारबुवांनी भिंग लावून बघितले, चुंबक लावून पाहिले, तळहातावर तोलले. एका बाजूला क्रूसाची एक भुजा दिसत होती. दोन रेआलचे चांदीचे नाणे, समुद्राने बरेचसे खाल्लेले. ही नाणी हातोड्याने ठोकलेली. ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा ओबडधोबड, त्यामुळे कशावर साल उमटे, कशावर उमटत नसे. आमच्यावर उमटलेले नाही. कोरड्या, खुल्या किनाऱ्यावर मिळाले म्हणून ते ठेवता आले. पाण्यात उतरून शोधले असते तर तो गुन्हा होता, कारण बुडालेल्या जहाजांवरचा हक्क न्यायालयाने एका कंपनीकडे दिलेला आहे. वाळूच्या टेकड्यांवर तर पायही ठेवायचा नसतो. (आपल्याकडे १८७८ सालचा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. दहा रुपये! त्या काळी ती रक्कम होती.)

तो आनंदाने ओरडला, “अगं, काय नशीब आहे तुझं!” पाच आठवडे यंत्र घेऊन तो वाकत होता, आणि ती नुसती फिरायला गेली आणि घेऊन आली. म्हातारबुवा हसले नाहीत. त्यांनी तिला विचारले, “प्रोफेसर, तुम्ही कुठून चालत होतात?”

तिने सांगितले. तिचे बालपण रत्नागिरीचे. मांडवीच्या बाजूच्या किनाऱ्याला तिथे काळा समुद्र म्हणतात, कारण तिथली वाळू काळसर आहे. तिच्यात लोह आणि टायटॅनियमची जड खनिजे असतात. लहानपणी आत्याबरोबर शिंपले वेचायला जाताना आत्या सांगे की कवड्या हव्या असतील तर पांढऱ्या वाळूत हिंडू नये, लाट परतताना जी काळी रेघ सोडून जाते तिच्यावर नजर ठेवावी. लाट हलके ते नेते, जड ते टाकते. इथल्या किनाऱ्यावर काळी वाळू थोडीच आहे, पण वादळानंतर कड्याच्या पायथ्याशी तिची बोटभर रुंद रेघ उमटते आणि तिच्यात फुटक्या शिंपल्यांचा जाडसर चुरा असतो. ही रेघ कुठे उमटते, कुठे रुंद होते, भरती ओसरल्यावर किती वेळ टिकते, हे ती खुर्चीत बसून पाहत होती. पुस्तक मांडीवर उघडे असे, एवढेच. त्या सकाळी रेघ नेहमीपेक्षा रुंद होती म्हणून ती तिच्यावरून चालत गेली. मागच्या दोन आठवड्यांत ती अशी सात वेळा गेली होती आणि सातही वेळा रिकाम्या हाताने आली होती. ते तिने कुणाला सांगितले नव्हते.

म्हातारबुवांनी खिशातून वही काढली, तिच्या नावाचे स्पेलिंग विचारले, आणि लिहिले. मग म्हणाले, ते सात दिवसही सांगा.

घरी येईपर्यंत ती बोलली नाही. रात्री जेवणे झाल्यावर, मुलगी आणि जावई झोपायला गेल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने त्याला विचारले, “त्या रात्री एसटीत तो श्लोक कुणी काढला होता?”

“तूच,” तो म्हणाला.

“मग निरोपसमारंभात तसं का नाही म्हणालात?”

निरोपसमारंभात त्याने तो प्रसंग सांगितला होता. त्याआधी वर्गातही कितीतरी वेळा सांगितला होता. आदल्या रात्री गाडीत सहज एक श्लोक निघाला आणि दुसऱ्या दिवशी नेमका तोच कामी आला, याला म्हणतात नशीब; मी काही फार हुशार होतो असे नाही. हे विनयाने म्हटले जाई आणि टाळ्या पडत. ‘सहज निघाला.’ ती पहिल्या रांगेत बसलेली होती.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मला वाटायचं, माझं नशीब म्हटलं म्हणजे तुझं ते अपयश ठरत नाही.”

हे खरे होते, असे तिलाही वाटते. त्याने पस्तीस वर्षे तो शब्द मलमासारखा वापरला. पण आपली नोकरी नशिबाची म्हटली की तिचे न मिळणेही नशिबाचे होते. आणि मग त्या खोलीत तिला जे विचारले गेले आणि त्याला जे विचारले गेले त्यात निवड करणारी माणसे होती, हे कुणाला म्हणावे लागत नाही. काकतालीय न्यायात ताडाचे झाड कुणी लावले ते येत नाही. (हे वाक्य त्याचे आहे. तिला ते जास्त सफाईदार वाटते. त्याने ते काढायला नकार दिला.)

उलट बाजूही तिने त्याच रात्री मांडली, आणि ती इथे दिली नाही तर तिच्यावर अन्याय होईल. नाणे तिच्या पायाखाली येण्यात नशीब नव्हतेच, असे तिचे म्हणणे नाही. रेघ तिला वाचता येत होती. रेघेत त्या दिवशी काही असणे हे तिच्या हातात नव्हते. पुढे दोन महिने ती त्याच रेघेवरून चालली आणि एक शिशाचे वजन सोडून काही मिळाले नाही. म्हातारबुवांना साठ वर्षांत सोन्याचे स्पॅनिश नाणे एकदाही मिळालेले नाही, आणि त्यांच्याहून चांगला किनारा वाचणारा माणूस आम्ही पाहिला नाही. ती तक्रार करत नव्हती. आठव्या दिवसाला नशीब म्हणायचे असेल तर म्हणा, पण आधीच्या सात दिवसांना काही तरी नाव द्या, एवढेच तिचे म्हणणे होते.

२०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही परतलो. यंत्र गॅरेजमध्ये परत गेले. हा लेख प्रथम त्याने एकट्याने लिहायला घेतला होता. शीर्षक होते ‘नशिबाची नाणी’. तिने तो वाचला, लाल शाईने तीन ठिकाणी ‘संदर्भ?’ असे लिहिले आणि एसटीच्या परिच्छेदाशी ‘कर्ता कोण?’ असे लिहिले. विद्यार्थ्यांच्या वहीवर लिहितात तसे. तेव्हा मग दोघांनी मिळून लिहायचे ठरले.

गेल्या जानेवारीत रत्नागिरीला गेलो होतो. संध्याकाळी मांडवीच्या बाजूला उतरलो. त्याने खिशातून आणलेले चुंबक वाळूवर फिरवले आणि त्याला काळ्या कणांची दाढी फुटली. शेजारची दोन मुले ते बघायला जमली. ओहोटी लागली होती. ती पाण्याच्या कडेने पुढे चालत गेली होती, मान खाली घालून, हात मागे बांधून. त्याने चुंबक झटकले, मुलांना देऊन टाकले, आणि तिच्या मागून चालू लागला. थोड्या वेळाने ती थांबली, वाकली, काहीतरी उचलून पाहिले आणि परत टाकले.

“काय होतं?” त्याने विचारले.

“झाकण,” ती म्हणाली.